बाबांच्या दाताभोवतीचं हाड

डॉक्टरांच्या हातातल्या सुईच्या टोकाशी पांढरा थेंब अडकला होता — पडेना, परत आतही जाईना — आणि अनुश्रीला वाटलं, एवढंसंच? या एवढ्याशा, सायीसारख्या थेंबासाठी आपण घरात सगळ्यांशी भांडलो? "काढूनच टाका दात," आई म्हणाली होती, आत्या म्हणाली होती, खुद्द बाबाही, आणि ही, जी गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही पुटपुटायची, ती भरल्या ताटावरून उठून ओरडली होती, "नाही काढायचा! आधी डॉक्टरांना विचारून तर बघू!" — काय मजा वाटली होती तेव्हा स्वतःच्याच आवाजाची...

खुर्चीत बाबा. प्रतापराव, राजवाड्याजवळच्या बँडचे क्लॅरिनेटवाले. क्लॅरिनेटचं तोंड धरायचं ते वरच्या पुढच्या दातांनी, आणि त्यातलाच एक इम्प्लांटचा, हाडात स्क्रू पिळून बसवलेला. ऐन लग्नसराईत हिरडी सुजली, पू यायला लागला, तर हे लवंग दाबून वराती वाजवत राहिले — एक दिवस सुट्टी घेतली की दुसरा कुणी उभा राहतो ना जागेवर! — आणि तोवर हाड आतल्या आत विरघळत गेलेलं. इम्प्लांट अजून घट्ट, पण एका बाजूनं पोकळी.

"डॉक्टरजी, हे सिमेंट आहे का?" ओठ बधिर झाला तरी बाबांना गप्प कोण बसवणार. "मग तराई पण करावी लागेल, रोज पाणी मारून!"

"तराई तुमचं रक्तच करेल," डॉक्टर सुरुची हसल्या. "तुम्ही फक्त कुरकुरीत सेव सोडा."

"सेव? इंदूरात राहून? अरे भिया, त्यापेक्षा दातच काढा!"

"आणि क्लॅरिनेट. मी सांगेपर्यंत एकदम बंद."

बाबा हसायचे थांबले.

"हे हाड नाहीये बरं का," डॉक्टर आता अनुश्रीकडे बघून म्हणाल्या. "हाडाला चढायला नुसता सांगाडा. शरीर ह्याला हळूहळू खाऊन टाकेल आणि त्याच जागी स्वतःचं हाड घालेल. बहुतेक. नाही घातलं, तर मग इम्प्लांट काढावाच लागेल."

बहुतेक!

सुई आत गेली. पांढरं ते खाचाखोचांत शिरत राहिलं, आणि अनुश्री बघत राहिली... हाड म्हणजे टणक, हाड म्हणजे कॅल्शियम, पाठ करा, दोन गुण — पण ते जिवंत असतं हे कुणी असं सांगितलंच नव्हतं! की ते येतं, काठाकाठानं, रक्ताच्या वाटेनं, पेशीमागून पेशी, आणि कुठवर यायचं, कुठे थांबायचं, हे त्यांना कोण सांगतं? मी उंच झाले यंदा, मला तरी कुठे कळलं, नुसती सलवार आखूड झाली...

परतताना ई-रिक्षात बाबा शेजारी. गाल सुजलेला, आणि गुडघ्यावर बोटं हलताहेत — कुठलीतरी धून, बिनआवाजाची. "होणार बाबा, शंभर टक्के!" हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण बाबांच्या ओठामागे, तिथल्या अंधारात, आत्ता काम सुरू झालं असेल — किंवा नसेलही — आणि त्याला माझ्या म्हणण्याची काहीच पडलेली नाही, हे तिला इतकं लख्ख कळलं की वाटायला हवी होती ती भीती वाटलीच नाही, वाटलं ते... काय? मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. ती बाबांना चिकटून बसली, श्वाससुद्धा जपून घेत — पाळण्यात कुणीतरी नुकतंच झोपी गेलंय तशी.