बॅटरीला लावलेला कौल

"अजून मराक नाय गे ही!"

मधल्या भिंतीपलीकडून शिवदास भावोजी करवादले. आमच्या घराची मधली भिंत माणसाच्या उंचीएवढीच आहे. वाटण्या झाल्या तेव्हा चिरे संपले आणि वरचं तसंच राहून गेलं. त्यामुळे पलीकडची फोडणी, खोकला आणि कुरकुर आम्हाला आयतीच मिळते. मी मासे साफ करत होते. आधी वाटलं, म्हाताऱ्या मांजरीबद्दल बोलतायत. मग लक्षात आलं, बॅटरी.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांनी ती बोटभर लांबीची एलईडीची बॅटरी पेटवून भाताच्या पिंपात सोडली होती आणि आदल्या दिवसापासून झाकण उघडून उघडून बघत होते.

"बंद पडली?" मी भिंतीवरून विचारलं.

"मंद झालीहा. पण पेटता."

"मगे बरी म्हणायची."

"बरी कसली!" झाकण आपटल्याचा आवाज आला.

शालिनी वैनी, त्यांची बायको, दाराशी बसून आमसुलं निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मुलगा, गौरेश, गेल्यापासून त्या निवडायचंच काम जास्त करत. डाळ, तांदूळ, आमसुलं, जे हाती येईल ते. निवडलेलं पुन्हा निवडत.

आणि हा माणूस दिवसभर बॅटरी पेटती ठेवतो, हेच मुळात नवल होतं. भावोजी ऐन विशीत दोडामार्गाकडून सुर्ल्याला आले ते खाणीवर पंप मेकॅनिक म्हणून. खाणीचा खड्डा जसा खोल जातो तसं खालून पाणी येतं. ते रात्रंदिवस उपसावं लागतं. पंप बसला की खाण बसली. भावोजी तीन सेलांची लोखंडी बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरायचे. सेल कंपनीचे, पण नवे मागितले की साहेब असा बघायचा, जणू ह्यांनी जुने खाल्ले. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच: "काम झाला मरे? मगे बंद कर. सेल फुकट जातत."

गौरेश हे बाराखडीच्या आधी शिकला. लहानपणी अंगणातून येताना घराचा उंबरा दिसला की बॅटरी बंद करायचा आणि त्याच उंबऱ्याला ठेचकाळायचा. एका वाढदिवसाला माझ्या मुलीने, विनिताने, त्याच्यासाठी केक आणला. मेणबत्ती लागते न लागते तोच ह्याने फू केली. "गाणा तरी म्हणूक दी!" विनिता ओरडली. तर म्हणतो, "फुकट जळता." आम्ही पोट धरून हसलो होतो. भावोजी हसले नव्हते. त्यांना ते बरोबरच वाटलं होतं.

ही छोटी बॅटरीही विनितानेच दिलेली. ती हरमलला एका गेस्ट हाउसात खोल्या बघते. एक परदेशी बाई जाताना तिच्या हातावर ठेवून गेली. विनिताने गणेश चवथीला घरी येताना ती गौरेशला आणली.

"ही काय, ओठांक लावूची?" भावोजींनी उलटसुलट करून विचारलं.

"बाबा, पेटवन तर बघा. मागसून बटण दाबा," गौरेश म्हणाला.

भावोजींनी दाबलं. पांढराफेक झोत पोफळीच्या शेंड्यापर्यंत गेला. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग आपली लोखंडी बॅटरी आणून तिचाही झोत शेजारी मारला. तो पिवळा, दमलेला, अर्ध्या वाटेवरच बसला.

"उजेड बरो," ते म्हणाले. "पण थंड. ह्या उजेडात माणूस आजारी दिसता. सेल किती खाता?"

"एकदम कमी, बाबा."

"मगे ठेव."

त्यांच्याकडून एवढं म्हणजे सोन्याचं पदकच.

खाणी बंद झाल्या त्या त्याच वर्षी. गौरेश लोडर चालवायचा. एका दिवसात सगळी यंत्रं जिथल्या तिथे उभी राहिली आणि गावातले मुलगे ओट्यांवर येऊन बसले. आधी त्यांचे मोठमोठ्याने विनोद चालायचे. मग मोबाइल बघत बसू लागले. मग नुसतेच बसू लागले. गौरेश बोलायचा कमी झाला, तेव्हा आम्ही म्हटलं, शहाणा झाला. जेवायचा कमी झाला, तेव्हा म्हटलं, बसून असलेल्याला भूक कुठली. आम्हाला प्रत्येक गोष्टीचं काहीतरी म्हणायला सुचत होतं.

पंप थांबल्यावर खड्ड्यात पाणी चढलं. भावोजींनी जन्मभर जे उपसलं ते सगळं परत आलं. हिरवंगार, कॅलेंडरवरच्या चित्रासारखं. लांबून माणसं फोटो काढायला यायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी गौरेश "जरा फिरान येतंय" म्हणून बॅटरी घेऊन गेला. उजाडताना शोधायला गेलेल्यांत आमचे हे पुढे होते. ह्यांनाच, सगुणना, खाणीच्या खड्ड्याच्या काठावर त्याच्या चपला दिसल्या. शेजारी एका चिऱ्यावर बॅटरी उभी ठेवलेली होती, काच वर करून. बंद.

ह्यांनी उचलून बटण दाबलं. पेटली.

मागून भावोजी आले. त्यांनी पाण्याकडे बघितलं नाही. पहिलं विचारलं ते, "पेटलेली होती?"

"नाय," हे म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतलं कुणीतरी, मनात दया असलेलं, बोलून गेलं, "बंद पडली आसतली. काळोखात पाय सरकलो." भावोजींनी मान हलवली. आम्ही सगळ्यांनी हलवली. पोलिसांनाही तेच सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात गौरेश पाय घसरून गेला. चपलांबद्दल कुणी काही बोललं नाही. चिऱ्याबद्दलही नाही.

राहिली ती बॅटरी. तिला कुणी समजावलं नव्हतं.

ती एकदा तरी आपोआप बंद पडायला हवी होती. एकदाच. मग भावोजींना रात्री झोप लागली असती. म्हणून त्यांनी तिला कामाला लावली. पहाटे गोठ्यात तीच, विहिरीवर तीच, पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी फिरवताना तीच. स्कूटरच्या डिकीत मोकळीच टाकून खड्ड्याखड्ड्यांतून साखळीच्या बाजारापर्यंत नेली. तिथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने विचारलं, "काका, किदें जालां हिका?"

"कायच नाय."

"मगीर हाडली कित्याक?"

मग आणलीत कशाला, असं तो विचारत होता तोवर भावोजींनी स्कूटरला किक मारली. तशीच परत आणली.

मग पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. बाहेर काढली, झटकली, पेटली. माळ्यावरून शेणाच्या जमिनीवर टाकली, मग चिऱ्यावर टाकली. कडेला पोचा आला, काचेला चरा गेला. पेटली. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवली, हाताला चटका बसेपर्यंत. पेटली. सेल मंद झाले की बदलायचे आणि पुन्हा सुरू. घरात मात्र तिच्यामुळे सोय झाली. वैनींच्या पायात रुतलेला काटा तिच्याच उजेडात निघाला. माझं हरवलेलं कानातलं कपाटामागे तिनेच दाखवलं. मी "किती बरी गे बाय ही" म्हणाले आणि भावोजींचा चेहरा बघून जीभ चावली. चांगल्या वस्तूवर इतका राग कुणी धरलेला मी पाहिला नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं, तशी देवळातल्या गोकुळदास गावकरांची फेरी झाली. आमच्याकडे मनात शंका असली की देवाला कौल, म्हणजेच प्रसाद, लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"शिवदास, वर्साआधी एकदा प्रसाद लाव," गावकर ओट्यावर बसत म्हणाले. "कसा घडला, ता देवाच्या तोंडसून आयकलेला बरा. तेच्या जिवाक पण वाट मेळता."

"काय घडला ता आमका म्हायती आसा," भावोजी म्हणाले.

"म्हायती आसा तर इचारूक भियाचा कित्याक?"

भावोजी उठून परसात गेले. मी मागच्या दाराशी होते. ते बॅटरी तळहातावर ठोकत होते, एकदा, पुन्हा, पुन्हा. देवळातल्या देवाला विचारायची छाती नव्हती, म्हणून वर्षभर ते हिलाच कौल लावत होते. आणि ही बया दर वेळी डावीच पाकळी टाकत होती.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दोडामार्गाहून सासरची माणसं आली. विनिताही हरमलहून आली. सकाळी मी अळूची पानं काढायला परसात गेले, तर भावोजी पंपाच्या हत्यारांच्या जुन्या पेटीशी उकिडवे बसले होते. हातात बारीक पक्कड. बॅटरीचं मागचं झाकण उघडलेलं, आणि ते आतली स्प्रिंग एका बाजूला वाकवत होते. अगदी हळू, दुखू नये अशा बेताने. त्यांनी मला बघितलं. मी अळूकडे बघितलं.

चहा झाल्यावर ते सोप्यावर आले. "ह्या बघा," म्हणाले. आवाज उगाच मोठा होता. बॅटरी पेटवली आणि पाटावर जरा आपटून ठेवली. भप्पकन विझली. उचलली, हलवली, पेटली. पुन्हा ठेवली. विझली.

"बघितलास? आपसूकच जाता! मी काय सांगत होतंय? लूज कॉन्टॅक्ट. पयल्यापासून होतो. पोराक काळोखात..."

"होय तर," दोडामार्गचे काका लगेच म्हणाले. "असल्या परदेशी वस्तूंचा काय खरा नाय."

"चायनाचो माल," दुसरं कुणी म्हणालं.

विनिताने तोंडात पदर घेतला. बॅटरी तिने दिलेली. माझ्या नवऱ्याने मोठा श्वास सोडला, वर्षभर धरून ठेवल्यासारखा. "तसाच आसतला," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मीही "आसतला" म्हणाले. त्या सोप्यावर सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. कुणीतरी चहा आणखी आहे का विचारलं.

वैनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वड्यांचं पीठ मळता मळता आल्या होत्या, मनगटापर्यंत हात पांढरे. त्या पुढे आल्या, भावोजींच्या हातातून बॅटरी घेतली आणि खाली बसल्या.

"शालिनी, भितर जा," भावोजी म्हणाले.

वैनींनी झाकण फिरवून काढलं. अंबाड्यातली आकडी ओढली आणि तिच्या टोकाने स्प्रिंग सरळ केली. चाळीस वर्षं पंपवाल्याच्या घरात काढलेली बाई. झाकण लावलं, बटण दाबलं. पाटावर उभी ठेवली, काच वर करून. तशीच, जशी काठावर होती.

छपरावर पांढरा गोल उमटला. वैनींनी पाटावर मूठ आपटली. पुन्हा आपटली. गोल हलला, पण गेला नाही. बॅटरीवर पिठाची बोटं उमटली होती.

भावोजींनी ती उचलायला हात पुढे केला.

"ही बंद पडाक नाय," वैनी म्हणाल्या. रडत नव्हत्या. मुलाला घास भरवताना बोलावं तसं, नवऱ्याकडे बघून बोलत होत्या. "तो पण पडाक नाय. आपल्या पायांनी गेलो. चपलो काढल्यान, ही नीट उभी करून ठेवल्यान, आणि बंद केल्यान."

"कित्याक?" भावोजींनी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा माणसाला विचारलं.

वैनींनी पिठाच्या बोटाने बटण दाबलं. छपरावरचा गोल गेला.

"सेल फुकट जातत म्हणान," त्या म्हणाल्या. "जाताना पण तुमचाच आयकल्यान."