मर्नाच्या एन्ट्रीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्यामागे घर नाही. ऑस्ट्रेलियातल्या हॉबर्टच्या एका नाट्यगृहात डेस नावाच्या सुताराने मला रंगमंचासाठी घडवले. माझ्या एका बाजूला कधी स्वयंपाकघर, कधी न्यायालय, कधी राजवाडा. दुसऱ्या बाजूला उघड्या फळ्या, खिळे आणि आपली पाळी येईपर्यंत येरझारा घालणारे नट. मित्रांनो, घरातला दरवाजा रात्री तरी मिटून स्वस्थ उभा राहतो. मला ते सुख कुठले? दर नाटकाला नवा रंग, नवी मूठ, आणि मूठ धरणारा नवा घामेजलेला हात.

मर्ना कीओ पहिल्यांदा माझ्यातून आत गेली तेव्हा तिला काळे कुत्रेही विचारत नव्हते. मोलकरणीचे काम होते, चहाचा ट्रे ठेवून परत यायचे. पण ती अशी आत जाई, की बोलणारे प्रेक्षक गप्प होत. पुढे ती सिडनीला गेली, टीव्हीवरच्या मालिकेत डॉक्टर झाली आणि वर्षानुवर्षे तोच पांढरा कोट घालून घराघरांत पोचली.

गेल्या हिवाळ्यात ती परत आली. नाटक बटाट्याच्या शेतावरच्या एका कुटुंबाचे होते. दोन भाऊ शेत विकण्यावरून भांडत असतात आणि त्यांची आई, म्हणजे मर्ना, मागून गुपचूप येऊन सगळे ऐकते. पहिल्या प्रयोगाला मी उघडलो मात्र, टाळ्यांनी नाट्यगृह दणाणले. भाऊ भांडण अर्धवट सोडून खांबासारखे उभे राहिले. चोरून ऐकणारी आई माझी मूठ धरून टाळ्या थांबायची वाट पाहू लागली. मला तर संताप आला. अशा गाजावाजात कोण काय चोरून ऐकणार?

रोज हेच. एकदा दुपारी, रिकाम्या नाट्यगृहात तालीम चालली होती. मर्ना आत आली आणि सवयीने दारातच थांबली.

"डॉक्टरीणबाई, टाळ्या मी वाजवू का?" खाली खिळे वेचणाऱ्या डेसने विचारले.

तिला हसू आले नाही. ती माझ्या उंबऱ्यावर बसली.

"डेस, मी काम करते की नुसती दिसते, तेच मला कळेनासं झालंय. वाईट केलं तरी वाजवतात रे. मालिकावाले परत बोलावतायत, उत्तर मागतायत. इथं जमलं नाही, तर परत जाऊन तो कोट घालते. मग तो मी मेल्यावरच उतरेल."

"घाल की. निदान गुडघ्याला औषध तरी लिहून दे."

"धीर द्यावा तर तुझ्यासारख्याने," ती म्हणाली आणि उठली.

त्या संध्याकाळी ती माझ्यातून उलटी आत शिरली. डोक्याला रुमाल, प्रेक्षकांकडे पाठ, आणि दोन्ही हातांनी ओढत आणलेले बटाट्याचे पोते. कोणी तिला ओळखले नाही. भांडण चालूच राहिले. धाकटा भाऊ म्हणाला, "आई अशी किती दिवस जगणार आहे?" पोते जागीच थांबले. लोकांना फक्त तिची पाठ दिसत होती, तरी सगळे नाट्यगृह चिडीचूप झाले. तिचे तोंड माझ्याकडे होते. पोस्टरवरचा चेहरा तो नव्हे. मला भडभडून आले.

प्रयोग संपताच व्यवस्थापक फर्गस तावातावाने आत आला.

"लोक तुझं तोंड बघायला येतात, मर्ना, आणि तू पाठ दाखवतेस? उद्यापासून नीट समोरून ये."

"आज दाराआड माझे पाय लटपटत होते, फर्गस. किती वर्षांनी!" ती घाम पुसत म्हणाली. "उद्याही पोतं घेऊनच येणार. पटत नसेल तर दुसरी आई शोध."

दुसरी आई त्याला सापडली नाही. मालिकेला मर्नाने नकार कळवला. आता ती कुठल्या गावात, कुठल्या दरवाजामागे उभी आहे, कोण जाणे. मी गोदामात भिंतीला टेकून उभा आहे आणि कोणी जवळून गेले तरी बिजागऱ्या शिवशिवतात.

मित्रांनो, ओळखीचा चेहरा दिसला की तुमचे हात आपोआप टाळ्या वाजवू लागतात. जरा आवरा. खूप जण माझ्या उंबऱ्यावर टाळ्या घेत थांबले आणि तिथेच राहिले. नटाला आधी आत तर येऊ द्या.