अंगठीतलं तीर्थ

सभागृहाच्या दारात चपलांचा ढीग आणि आत प्रत्येकाच्या मांडीवर पाण्याची बरणी. बरणीत डासांच्या अळ्या. ज्याच्या बरणीत वळवळ जास्त, त्याला पुढची जागा.

"अळी म्हणजे काय?" अंगठीबाबा विचारत होते. "गेल्या जन्मीची चहाडी. ती वळवळणारच. घरातली पीडा माझ्याकडे आणा, मी तिची माती करतो."

बाबा अंगठीचं बोट बरणीत फिरवत, जप सुरू होई आणि तो संपेतो अळ्या तळाशी निपचित. लोक हात जोडत. मग तेच पाणी गाळून तीर्थ म्हणून तापकऱ्यांना चमचा चमचा पाजायचं.

पुढच्या रांगेत डासताई बसली होती. संशोधन संस्थेत ती डासांतून पसरणारे विषाणू आणि पाण्यात मिसळणारी विषं यांचा अभ्यास करायची. लोक कोंबड्या पाळतात, ही डास पाळते, असं गल्ली म्हणे. आज तिच्याही हातात बरणी होती. शेजारी वहिनी, मांडीवर तापाने फणफणलेली चिमी.

"वहिनी, हिची लाळ का गळतेय?"

"पीडा निघतेय. बाबांनी सांगितलंय."

डासताईने पोरीची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी झाली होती. तापाने असं होत नाही. कशाने होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"हे विष आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"वन्सं, पोर माझी आहे." वहिनीने चिमीला घट्ट आवळलं. "बाबा बरणीपर्यंत आलेत. तेवढं होऊ द्या."

बोट डासताईच्या बरणीत फिरलं. जप झाला. आजूबाजूच्या बरण्या शांत झाल्या. हिची मात्र वळवळतच राहिली.

"बाबा, ही पीडा नास्तिक दिसतेय," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. बाबांनी पुन्हा बोट बुडवलं, खडा काठावर घासला. अळ्या आपल्या वर-खाली करत राहिल्या.

"या बाईच्या मनात किल्मिष आहे."

"असेल," डासताई उठली. "पण बोट तुमचंच आहे ना? अंगठी काढा, हात साबणाने धुवा आणि मागच्या रांगेतली एक बरणी शांत करून दाखवा."

"दैवी वस्तूला साबण?"

"खड्याखाली कीटकनाशक आहे. साध्या अळ्या त्याने मरतात. माझ्या अळ्या संस्थेत वाढवलेल्या. त्यांच्या कित्येक पिढ्या त्याच विषात तगून निघाल्यात, म्हणून टिकल्या. संध्याकाळपर्यंत त्याही मरतील. त्यांच्यातही दैवी काही नाही."

"हिला बाहेर काढा," कुणी ओरडलं. तेवढ्यात वहिनी उभी राहिली. खांद्यावर चिमी, हातात तीर्थाची बाटली.

"बाबा, हिला सकाळी दोन चमचे दिले. तुम्ही एक घ्या."

बाबांनी बाटलीकडे पाहिलं, मग दाराकडे. "माझा आज उपवास आहे."

"पाण्याला कसला उपवास?"

बाबा एक पाऊल मागे सरकले. वहिनीने लेक नणंदेच्या हातात दिली. "पळा, वन्सं. मी आलेच मागोमाग."

बाबाही पळू पाहत होते, पण दारात एका रिक्षावाल्याने मनगट धरलं. खडा फिरवला, तसं खालून उग्र वासाचं तेलकट औषध पाझरलं. मघाशी हात जोडणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले.

इस्पितळात उतारा दिल्यावर चिमीची बाहुली हळूहळू उघडू लागली. "विष उतरेल," डॉक्टर म्हणाले. "पण डासाचा ताप आहेच. तो कुठं वळतो ते पाहायचं."

"घरात डास आले कुठून?" वहिनीने विचारलं आणि स्वतःच थबकली. "बाबांकडे न्यायला अळ्या हव्यात म्हणून मोरीतल्या पिंपाचं झाकण मीच काढून ठेवलं होतं."

सगळ्या गल्लीने तेच केलं होतं. घरोघरी डास पोसले होते.

"माझ्या श्रद्धेचं पाप झालं का हो, वन्सं?"

"देवावरच्या श्रद्धेचं नाही. देवाने डोळे आणि डोकं दिलंय, ते दुसऱ्याच्या अंगठीपाशी गहाण टाकलं, तेवढंच चुकलं."

वहिनीने शेजारणीला फोन लावला. "आमच्या मोरीतलं पिंप पालथं कर. तुझंही कर. आत्ता."

"अगं, मग उद्या बाबांकडे काय नेऊ?"

वहिनीने काचेतून लेकीकडे पाहिलं. "काही नको नेऊस. दुसऱ्याला पाजायला कुणी काही दिलं, तर आधी देणाऱ्याला पी म्हणावं."