डांबरगोळ्यांची गोधडी

या गावात मांजरं वाफेतून जन्मतात, असं मला पहिले आठ दिवस वाटत होतं. लेकीच्या इमारतीखाली लाँड्री आहे. तिच्या मागच्या भिंतीतून एक जाड नळी बाहेर आलीय आणि ती दिवसभर पांढरी वाफ सोडते. त्या वाफेत आधी शेपूट दिसतं, मग कान, मग अख्खं मांजर. वाफ सरली की तिथे कुणी नाही. दुपारी खिडकीशी बसून बघता बघता माझा डोळा लागायचा. जाग आली तरी समोर तेच, त्यामुळे झोप कुठे संपली ते कळायचं नाही.

परमुलखात मी आले होते लेकीच्या बाळंतपणाला. चौथी शिकलेली असले तरी चार पोरं वाढवलीत, दोन सुनांची बाळंतपणं काढलीत. म्हटलं, लेकीला हातावर झेलीन. पण इथे सगळं मोबाइलला विचारून. बाळ किती वाजता प्यायलं, किती वेळा ओलं झालं, सगळं त्यात लिहायचं. मी नातवाला घ्यायला गेले की लेक विचारणार, "आई, हात धुतलेस?"

"नाही, शेण लावून आलेय," मी म्हणायची.

नातवासाठी मी गोधडी आणली होती. माझ्या सात जुन्या लुगड्यांची, टाके मुंगीच्या पावलाएवढे. लेक लग्न होऊन इकडे आली त्या वर्षी शिवली आणि ट्रंकेत ठेवली. कसर लागू नये म्हणून मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. सहा वर्षं ती तशीच होती. लेकीने ती नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"आई, डांबरगोळ्यांचा केवढा वास मारतोय. बाळाला चालत नाही तो. नर्सने बजावलंय."

"तुम्ही चौघं याच वासात वाढलात."

"म्हणून तर दादा असा आहे."

जावई हसला. मी नाही हसले. गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाल्कनीत गेली, आणि मी दोन दिवस लेकीशी फक्त कामापुरतं बोलले.

त्या वाफेतल्या मांजरांत एक तपकिरी होती, कानाचं टोक तुटलेलं. भिंतीवरून अशी चालायची, जशी खालची सगळी गल्ली तिला आंदण मिळालीय. मी तिचं नाव जहागीरदारीण ठेवलं. जावई म्हणाला, "आई, चाल तुमच्यासारखीच आहे हां." तो बोलतो कमी, पण बोलतो तेव्हा असं.

एका सकाळी ही जहागीरदारीण नळीखाली व्यायली. एका मळक्या पुठ्ठ्यावर चार पिल्लं, डोळे मिटलेली, उंदरांएवढी. मी पिशवी सोडली आणि गोधडी घेऊन खाली गेले. घरच्यांना नको तर दारच्यांना. पुठ्ठा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, गोधडी चौघडी करून अंथरली, एकेक पिल्लू तिच्यावर ठेवलं. जहागीरदारीण लांबून बघत होती.

"बघतेस काय? राणीचं बाळंतपण आहे हे," मी तिला म्हटलं आणि वर येऊन आडवी झाले.

स्वप्नात माझी सातही लुगडी रस्त्याने चालत निघाली होती, आत माणूस नसताना. एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

उठून खाली गेले तर गोधडी रिकामी. जहागीरदारणीने तीन पिल्लं उचलून नेली होती. चौथं उघड्या फरशीवर पडून चिरक्या आवाजात रडत होतं. ती समोरच होती. येऊन हुंगायची, नाक मुरडायची, परत जायची. तीनदा असं झालं.

लाँड्रीवाली बाहेर आली. माझ्याच वयाची, मनगटं माझ्या दुप्पट. तिला माझी भाषा नाही, मला तिची नाही. तिने गोधडीचं टोक उचललं, हुंगलं आणि चिमटीत नाक धरलं. मग पिल्लाकडे बोट केलं आणि मान हलवली. सगळं समजलं मला. शेवटपर्यंत गोधडीवर राहिलेल्या या पिल्लात माझ्या ट्रंकेचा वास मुरला होता. आईने घेतलं नाही तर ते संध्याकाळ काही बघणार नव्हतं.

मी पदर खोचला आणि कचऱ्याच्या डब्यात कमरेपर्यंत वाकले. लाँड्रीवालीने मागून माझी कंबर धरली. सालींच्या खाली, कुणाच्या तरी फाटक्या बुटाच्या खाली तो पुठ्ठा सापडला. परत नळीखाली ठेवला आणि पिल्लाला त्या घाणीत चांगलं लोळवलं, आईचा वास परत लागावा म्हणून. मग आम्ही दोघी लाँड्रीच्या दारात पालथ्या टोपल्यांवर बसलो. आत धुण्याच्या यंत्रांचे ढोल फिरत होते, चादरी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पिल्लाचा आवाज बारीक होत गेला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, नाहीतर ते उठलेच असते. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

ऊन भिंतीवर वर सरकलं. वाफ दाटली, विरली, पुन्हा दाटली. मग तीत एक शेपूट दिसलं. मग तुटका कान. तिने हुंगलं, बराच वेळ हुंगलं, मग चाटायला लागली. शेवटी मानेला धरून उचललं आणि दोघं पांढऱ्यात विरघळली.

लाँड्रीवालीने माझी गोधडी उचलून आपल्या ढोलात टाकली.

वर लेक बाळाला घेऊन खिडकीशी उभी होती.

"कचऱ्यात काय शोधत होतीस?"

"अक्कल. पडली होती."

ती इतकी हसली की बाळही तिच्याबरोबर हललं. मग म्हणाली, "आई, हात..."

मी कोपरापर्यंत धुतले. दोनदा. उलटून बोलले नाही.

तीन धुण्यांनी आणि महिनाभराच्या वाफेने गोधडीचा वास गेला. लाँड्रीवालीने ती टोपलीत घालून नळीशी ठेवली, तर जहागीरदारीण चारही पिल्लं घेऊन त्यात राहायला आली. आता तिथून तिला कोण उठवणार?

"नव्या गोधडीला तुझे जुने गाऊन काढ," मी लेकीला म्हटलं. "नवव्या महिन्यात घालायचीस ते."

"धुऊन देते."

"धू. पण त्या फुलांच्या वासाच्या साबणाने नको."

तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि सुईत दोरा ओवून दिला. आता मला नेढं दिसत नाही सुईचं. बाळ माझ्या मांडीवर होतं. खाली वाफेतून एक शेपूट वर आलं, आणि त्याच्यामागून चार बारीक.