मानाचा साफा

ताहिराला कुणी "एवढं कशाला केलंत?" म्हटलं की ती फुशारून जायची. आखाती देशातल्या मिरकाब भागातल्या तिच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकाने सांगितल्यापेक्षा चार टाके जास्तच पडायचे. त्या शुक्रवारी मात्र हे जादा टाके तिच्या चांगलेच अंगाशी आले.

खैरानला समुद्राकाठी फिलिपिनो मंडळींनी एक शॅले, म्हणजे सुट्टीत राहायचं घर, भाड्याने घेतलं होतं. स्पॅनिश लोक यायच्या आधी आपले पूर्वज कसे राहायचे, काय नेसायचे, हे त्यांना दाखवायचं होतं. अंगणात उंच खांबांवर घर उभं केलं होतं. बांबूची जमीन, चढायला शिडी, दाराला चटईचा पडदा. त्यांच्याकडच्या पानांचं छप्पर इथे कुठून आणणार, म्हणून वर खजुराच्या झावळ्या. ताहिराला रत्नागिरीकडचा शेतातला राखणीचा माळाच आठवला.

ते घर बांधलं होतं डॅनिलोने. ताहिराच्या दुकानात काज-बटणं करणाऱ्या रोवेनाचा तो भाऊ. रमजानच्या आधी तो चालवत असलेली गाडी टायर फुटून उलटली आणि शेजारी बसलेला त्याचा खोलीतला सोबती नेस्टर गेला. पोलिसांनी दोष नाही म्हणून सोडून दिलं, पण जलीबच्या कामगारवस्तीतल्या खोल्यांमधली कुजबुज काही थांबेना. लोकांची तोंडं कोण धरणार? डॅनिलो माणसांत यायचाच बंद झाला. आज रोवेनाने हातापाया पडून त्याला देखाव्यात गावचा प्रमुख व्हायला तयार केलं होतं. पहिल्याच रांगेत नेस्टरची बायको मारितेस बसली होती. आज काही बिनसलं तर भाऊ गाशा गुंडाळून कायमचा मायदेशी जाणार, ही धास्ती रोवेनाने ताहिराला बोलून दाखवली होती.

बायकांचे सैल झगे, त्यांवर गुंडाळायची फडकी, पुरुषांचे आखूड बिनकॉलरचे सदरे, सगळं ताहिरानेच शिवलं होतं. प्रमुखाचा सदरा लाल आणि डोक्याचं फडकं निळं, असं ठरलं होतं.

"तुझ्या भावाचं फडकं मी बदललंय," ताहिरा आता हळूच म्हणाली. "लाल साफा दिलाय, जरीची किनार लावून. आमच्याकडे मानाच्या माणसाला असा बांधतात."

रोवेनाच्या हातातला माईक खाली आला. "लाल, दीदी?"

"सदऱ्याला शोभतो ना!"

"लाल तोच बांधायचा, ज्याने माणूस मारलाय," रोवेना दुकानातल्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "किनारीवर नक्षी असेल तर पुष्कळ मारलेत. आम्ही शाळेत शिकतो हे. इथे सगळ्यांना माहीत आहे. मारितेसलाही."

ताहिराच्या तोंडचं पाणी पळालं. कपड्यांची पिशवी केव्हाच वर डॅनिलोकडे गेली होती. तेवढ्यात ढोल वाजायला लागला आणि रोवेनाला निवेदनासाठी पुढे जावं लागलं. जाताना तिने ताहिराचा दंड असा दाबला की वळ उठला.

"अगो, कशाला मध्ये पडतेस?" नवरा यूसुफ म्हणाला. "त्यांचं ते बघतील."

"मध्ये पडूनच तर हे करून ठेवलंय!" ताहिरा करवादली आणि घराच्या मागच्या बाजूने शिडीकडे धावली.

आत डॅनिलो चटईवर बसला होता. लाल सदरा, आणि डोक्याला तो साफा, घट्ट, कपाळाची कातडी ओढली जाईल इतका घट्ट.

"काढ तो!" ताहिरा धापा टाकत म्हणाली. "चुकलं माझं. काढ आधी."

"पिशवी उघडली तेव्हाच कळलं," तो शांतपणे, बहिणीसारख्याच मोडक्या हिंदीत म्हणाला. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ठीक आहे. घालतो मी."

"कुणी नाही ठरवलं! मी ठरवलं. मानाचा म्हणून शिवला रे. मला ठाऊक नव्हतं, अल्लाची शपथ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. विश्वास बसला नाही त्याचा. कुणाचा बसला असता? ताहिराने गाठीला हात घातला, त्याने तो बाजूला सारला, आणि त्याच वेळी बाहेरून कुणीतरी पडदा वर ओढला.

ढोल थांबला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. रोवेनाने माईक खाली ठेवला. ताहिराला वाटलं, ही बांबूची जमीन मोडावी आणि आपण खाली पडावं.

मारितेस उठली. चपला काढून शिडी चढली. ताहिरा भिंतीला चिकटली. ही बाई आता त्याच्या थोबाडीत मारणार याबद्दल तिला शंका नव्हती. मागोमाग रोवेनाही वर आली. मारितेसने डॅनिलोसमोर बसून साफ्याची गाठ धरली. ती सुटेना. तिने दातांनी ओढून सोडवली आणि साफा बाजूला टाकला. मग ती बोलायला लागली, आणि रोवेना ताहिराच्या कानात अर्थ सांगू लागली.

"टायर फुटला होता, हे मला कळतं. माझा राग त्यासाठी नाही. शेवटी नेस्टरजवळ तू एकटा होतास, आणि तू माझ्याकडे आलाच नाहीस. मी वाट बघत बसले."

डॅनिलोची मान वर होईना.

"काय बोलला तो?" मारितेसने विचारलं. "काहीतरी बोलला असेल ना?"

डॅनिलोने बाजूला पडलेला साफा उचलून मांडीवर घेतला.

"पाणी मागत होता," तो म्हणाला, "आणि गाडीत पाणी नव्हतं."