भोकाची पाटी आणि कोथिंबीर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. शाळेतली नव्हे, शेण, माती, वाळू वाहायची. शहरातली माणसं मला घमेलं म्हणतात. म्हणू देत. या वयात नावावरून भांडायचं त्राण माझ्यात नाही.

शालूबाईनं मला इस्लामपूरच्या बाजारातून पारखून आणलं. बोटानं वाजवलं, दुकानदाराला चार शब्द सुनावले, मगच उचललं. उंब्रजजवळच्या तिच्या घराचा पाया माझ्यावाचून भरला नसता. गोठ्यातलं शेण मी काढलं, उसाला खत मी घातलं. "पाटी न्हाई, माझा तिसरा हात हाय ह्यो," असं ती चारचौघींत सांगायची.

पुढं माझं बूड गंजलं, भोकं पडली. गोठा रिकामा झाला. शालूबाईचे गुडघे धरले. मग दोघीही मागच्या दारी बसून राहिलो. तिला निदान वेळेवर चहा तरी मिळायचा.

एके दिवशी सून क्रांती म्हणाली, "आत्या, ही पाटी भंगारवाल्याला देऊ या." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"का? बसून खाती म्हणून? मग मलाबी दे की तिच्यासंगट!" शालूबाई फणकारली. "भोकं हायती ते बरंच हाय. पाणी साचायचं न्हाई. कोथमीर लावते हिच्यात."

माती आणि कुजलेलं शेणखत माझ्यात भरलं. क्रांती म्हणाली, "धने चपलेखाली रगडून घेऊ का? दोन फाका झाल्या की लवकर उगवतात."

"खायच्या वस्तूला चप्पल? माहेरी ह्येच शिकवलं व्हय?"

डब्यातले धने अख्खेच पेरले. माझ्या पोटात पडताच मला कळलं. वर्षाची चटणी करताना भाजलेल्या धन्यांतले हे उरलेले दाणे होते. भाजला दाणा कुठं उगवतो, मित्रांनो? पण पाटीला तोंड नसतं. मी नुसतं पाणी पीत राहिले आणि ऊन सोसत राहिले.

काही उगवलं नाही. शालूबाईनं पुन्हा त्याच डब्यातले धने टाकले. पुन्हा काळी माती तशीच. शेजारची अंबूबाई कुंपणावरून विचारायची, "शालू, आमच्या आमटीपुरती तरी कोथमीर दे की गं!" ते शालूबाईला झोंबायचं. शेवटी तिनं सगळा राग माझ्यावर काढला.

"पाटीच वांझ हाय. भंगारवाल्याला सांगावा धाड. घिऊन जाऊ दे."

जन्मभर दगड वाहिले, पण इतकं कधी लागलं नव्हतं.

क्रांतीनं मात्र शेवटचं एकदा करून बघायचं ठरवलं. चप्पल नको म्हणून तिनं धने फडक्यावर पसरले आणि वरवंटा हलकेच फिरवला. दाणे फुटले आणि वास सुटला.

"आत्या, हुंगा बरं. ह्ये तर चटणीतलं भाजकं धनं हायती!"

शालूबाईनं हुंगलं. मग म्हणाली, "इतकं दिस तुजं नाक काय गहाण पडलं हुतं?"

पण गुडघ्यावर हात देत उठली आणि स्वतः दुकानातून ताजे धने घेऊन आली. क्रांतीनं त्यांच्या फाका केल्या, रात्रभर भिजवल्या, विरळ पेरून वर बोटभरही नाही इतकी माती पसरली. ओलं गोणपाट झाकलं. मला दुपारच्या सावलीत सरकवलं. भंगारवाल्याला धाडलेला सांगावा मात्र परत घ्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवस जात होते. धन्याला उगवायची घाई नसते. मीही आशा सोडली होती.

आणि भंगारवाला आला. त्यानं मला कडेला धरून उचललं. गोणपाट घसरलं. खाली माना वाकवलेले पोपटी कोंब दाटीनं उभे होते.

दारातून शालूबाई ओरडली, "ठेव खाली, मुडद्या! लेकुरवाळी हाय ती!"

मित्रांनो, मी थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. धने पेरण्याआधी एक दाणा फोडून हुंगा. आणि जुन्या वस्तूला वांझ म्हणण्याआधी आपण तिच्या पोटात काय टाकलं, ते बघा. आता जाता जाता मला थोडं पाणी द्या. ओतू नका; हातानं शिंपडा. पोरं अजून कोवळी आहेत.