खंडेनवमीच्या पाटावरचं हँडल

मी एका छोट्या विमानाचं हँडल बोलतोय. हातभर लांब, एका टोकाला वाकवलेला पोलादी दांडा. स्वतःबद्दल सांगायची मला लाज वाटते, पण न बोलणं त्याहून जड झालंय.

माझं काम सोपं होतं. आमच्या विमानाची चाकं विजेच्या मोटरवर खाली-वर होत. वीज गेलीच, तर वैमानिकाने सीटमागच्या खोबणीतून मला काढायचं, मोटरला जोडायचं आणि पन्नास फेरे फिरवायचे, की चाकं उतरून पक्की बसत. पण तशी वेळ कधी आली नाही. रोज लागणाऱ्या वस्तूला माणसं तेल घालतात, माझ्यासारख्यावर नुसती धूळ बसते.

१९५२ साली नागपूरकडच्या तळेगावच्या एका सेठजींनी हे विमान घेतलं आणि आपल्या कापसाच्या जिनिंग गिरणीमागचा माळ सपाट करून धावपट्टी केली. विमान चालवायला नागपूरचा ओमप्रकाश आला आणि देखभालीला नत्थूजी मिस्त्री. ओमप्रकाश कमी बोलायचा, पण उतरला की पंखावर थोपटल्याशिवाय घरी जायचा नाही. नत्थूजी नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखत. दोघांचाही मला अभिमान होता.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमीला नत्थूजींनी शेडमध्ये पाट मांडला. पाने, हातोडे ओळीने ठेवले आणि मला खोबणीतून काढून मधोमध बसवलं. त्यांच्या बायकोने, भागाबाईने, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे हात जोडले होते. खरं सांगतो, मी फुगलो.

त्या दिवशी उड्डाण नव्हतं. पण दुपारी सेठजींचे कागद तातडीने नागपूरला पोचवायचे निघाले. ओमप्रकाश धावतपळत आला.

"सगळं ठीक ना, नत्थूजी?"

नत्थूजींनी पाटाकडे पाहिलं. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. "ठीक हाय, साहेब," ते म्हणाले. विमान उडाल्यावर भागाबाईला म्हणाले, "तीन सालात एकदा तरी लागलं का ते हँडल? येतेच साहेब दोन घंट्यात."

मलाही पाटावरून उठायचं नव्हतंच. मला कुणी उचलू नये, असंच मी मनात म्हणत होतो.

परतताना वाटेत जनरेटर बंद पडला. रेडिओ मुका झाला, दिवे विझले. बॅटरीत उरलेल्या विजेवर चाकं अर्धी उतरली आणि अडकली. विमान माळावर घिरट्या घालू लागलं, तेव्हा ती पोटाखाली लोंबताना आम्हाला स्पष्ट दिसली. नत्थूजींनी मला पाटावरून ओढलं.

"हँडल इथंच हाय वं," ते भागाबाईला म्हणाले.

पाचव्या घिरटीनंतर ओमप्रकाशने विमान खाली आणलं. चाकं दुमडली, पोट जमिनीवर घासत गेलं, पंखा वाकला. ओमप्रकाश वाचला. उजवा खांदा मात्र मोडला.

लोक त्याला जीपमध्ये घालत होते, तेव्हा नत्थूजी रॉकेलच्या बोळ्याने माझ्यावरचं हळदकुंकू पुसत होते.

"काऊन पुसून राह्यले? साहेबाले सांगून द्या ना," भागाबाई म्हणाली.

"नोकरी जाईन माही. चूप राह्य."

आणि त्यांनी मला मोडक्या विमानातल्या खोबणीत नेऊन ठेवलं.

दिल्लीहून तपासनीस आले. हात गळ्यात बांधलेला ओमप्रकाश म्हणाला, "मी सीटमागे हात घातला होता. खोबण रिकामी होती." तपासनीसांनी मला खोबणीतून काढलं आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. घाबरून वैमानिकाने हँडल वापरलंच नाही, असा अहवाल गेला. परवाना रद्द झाला. एक शब्द न बोलता मी खोटी साक्ष दिली होती.

चार महिन्यांनी तो आपली बॅग न्यायला शेडवर आला. खूप वाळला होता. नत्थूजींच्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "नत्थूजी, मले लायसन वापस नाई पाहिजे. फक्त एक सांगा. ते हँडल तिथं होतं का? आता माहाच माह्यावर भरवसा नाई राह्यला. चमच्यासाठी हात नेतो, तरी दोनदा पाहून घेतो."

नत्थूजी हातातला पाना पुसू लागले.

"होतं, साहेब."

"मंग माहाच हात चुकला असन," ओमप्रकाश म्हणाला आणि बॅग उचलून निघून गेला.

विमान भंगारात गेलं. नत्थूजींनी मला गुपचूप घरी आणलं. आता ट्रंकेत, गोधड्यांखाली पडून आहे. कधीमधी भागाबाई ट्रंक उघडते, माझ्याकडे पाहते आणि झाकण लावते. ती दोघं एकमेकांशी माझ्याबद्दल बोलत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला तो नागपुरात भेटला, तर माझं एवढं काम करा. त्याला सांगा, ओमप्रकाश, मी तिथे नव्हतो. तुझा हात अगदी बरोबर जागी गेला होता.